वाचक विचारतात : एक गुडघा, एक पॅडल, दोनशे मीटर

मागच्या अंकात देवबागच्या एका मुलीबद्दल आम्ही चार ओळी छापल्या होत्या. ती कनोइंग करते, म्हणजे अरुंद होडी पॅडलने मारत शर्यत लावण्याचा खेळ, घर सोडून पूर्णवेळ सराव करते आणि ऑलिंपिकचं नाव घेते, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की पावसाळ्यात ती थोड्या दिवसांसाठी घरी आल्यावर तो गठ्ठा आम्ही तिच्याच पुढ्यात ठेवला. निवड चाचण्या तोंडावर आहेत, नाव छापू नका, एवढीच तिची अट. पुढची उत्तरं तिची. – संपादक

आमच्या किनाऱ्यावरची पोरं चालायच्या आधी होडीत बसतात. वल्हं मारायला आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. मग ऑलिंपिकच्या होड्यांत आपलं कुणी कसं दिसत नाही?
– एक निवृत्त नाखवा, वेंगुर्ले

काका, माझे आजोबा अगदी हेच म्हणायचे, आणि वर 'तुमच्या त्या खेळण्याक उलांडी खंय आसा?' असंही विचारायचे. उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे. आपल्या होडीला उलांडी लावतात ती कलंडू नये म्हणून. आपल्या बापजाद्यांनी होडी बांधली ती माणूस आणि मासळी घरी सुखरूप यावी म्हणून. मी जिच्यात बसते ती होडी फक्त सरळ रेषेत वेगाने जाण्यासाठी बांधलेली आहे. तिच्यात माणूस टिकतो की नाही, हे तिच्या बांधणाऱ्याने त्या माणसावर सोडलंय.

माझ्या प्रकाराला सी-वन म्हणतात, म्हणजे एकटीने मारायची कनू. नियमाने तिची लांबी जास्तीत जास्त 5.2 मीटर आणि वजन कमीत कमी 14 किलो. मी ती एकटी खांद्यावर टाकून पाण्यापर्यंत नेते. तिच्यात 'बसते' म्हटलं तरी बसायचं नसतं. एक गुडघा फोमच्या ठोकळ्यावर, दुसरा पाय पुढे रोवलेला, आणि पॅडल एकाच बाजूने. मी डावीकडून मारते, म्हणून डावा गुडघा खाली. सुरुवातीला हे सोलायच्या नारळावर गुडघा टेकवून भात कांडल्यासारखं वाटतं. पहिले काही महिने मी होडीत कमी आणि पाण्यात जास्त होते.

त्यात होडीला सुकाणू नाही. एकाच बाजूने मारल्यावर ती साहजिकच दुसऱ्या बाजूला वळायला बघते. मग प्रत्येक फटक्याच्या शेवटी पॅडल बाहेर काढता काढता मनगट फिरवून तिला पुन्हा सरळ करायचं, तेही वेग न तोडता. बघणाऱ्याला ते दिसतही नाही. मला ते जमायला लागलं तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली बारावी पास झाल्या होत्या.

आणि शर्यत सपाट पाण्यावर होते, काका. नऊ-नऊ मीटर रुंदीच्या सरळ मार्गिका, दोन्ही बाजूंना बोये, अंतरं 200, 500 आणि 1000 मीटर. लाट कशी चुकवायची, बारीला होडी कशी आत घालायची, वावटळ कुठून उठेल, हे आपल्याकडचं सगळं शहाणपण तिथे कुणी विचारत नाही. धाडसाचं तर कामच नाही. लागतो तो कंटाळा सोसायचा दम. तोच फटका, तीच मान, तेच मनगट, सकाळी आणि संध्याकाळी. आपल्याकडच्या पोरांमध्ये ताकद आहे, पाण्याची भीती नाही, पण रोज तेच करायला सांगितलं की ती पळतात. मलाही पळावंसं वाटायचं.

बाकी पाण्याकाठचा माणूस तिथे पोचतच नाही असं नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम या जोडीने 1000 मीटरच्या सी-टू प्रकारात ब्राँझ घेतलं. त्यातला सुनील मणिपूरचा, लोकताक सरोवराच्या भागातला. आशियाई स्पर्धेतलं त्याआधीचं भारताचं पदक 1994 चं, हिरोशिमाचं. मधली जवळजवळ तीस वर्षं कोरडी.

रोइंग आणि हे एकच ना?
– पुष्कळ जण

नाही. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा जातो, वल्हं होडीला अडकवलेलं असतं आणि बसायची पाटी मागेपुढे सरकते. आमच्यात तोंड पुढे, पॅडल पूर्ण मोकळं हातात. आमच्यातही दोन घरं : कयाकमध्ये बसतात, पॅडलला दोन्ही टोकांना पातं, आणि पायाने हलवायचं छोटं सुकाणू असतं. कनू म्हणजे मी वर सांगितलेली गुडघ्यावरची. टीव्हीवर फेसाळत्या पाण्यात खांबांमधून वळणं घेत जाताना दिसतात तो स्लॅलम, तो तिसराच मामला.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. आता वेळ आहे. आमच्या मालवण तालुक्यात खाड्या आहेत, धामापूरचा तलाव आहे. मुलांसाठी सरावाची जागा करता येईल का? कुठे आणि कशी?
– मालवण तालुका

सर, सगळ्या गठ्ठ्यातलं हे पत्र मी दोनदा वाचलं. बाकीचे विचारतात मी कुठे पोचणार, तुम्ही विचारताय पाणी कुठे आहे.

तलाव आधी घेऊ. धामापूरचं पाणी गोडं, भरती-ओहोटी नाही, बाजूला डोंगर म्हणून वारा अडतो. शिकायला याहून चांगली जागा नाही. पण तो 1530 च्या सुमारास बांधलेला, सिंचनाचा वारसा म्हणून जगाच्या यादीत गेलेला तलाव आहे, गावाची श्रद्धा त्याच्याशी बांधलेली आहे, पक्षी आहेत. तिथे मोटारबोट घेऊन मुलांच्या मागे ओरडत फिरणं मला पटत नाही, आणि प्रशिक्षकाला मोटारबोट लागतेच. गावाशी बोला, लेखी परवानगी घ्या आणि तिथे फक्त नवशिके ठेवा, काठाने.

वेगाचं काम खाडीत. मी कर्लीच्या खाडीत वाढले, म्हणून तिच्याबद्दलच बोलते. तिथे सरळ, रुंद पट्टे भरपूर आहेत. अडचण पाण्याच्या ओढीची. भरती चढत असताना आत जाणारी मुलगी उगाच राज्य विजेती वाटते आणि तीच परत येताना रडकुंडीला येते. घड्याळ खोटं बोलतं. त्यासाठी आपल्या लोकांचा जुना हिशेब वापरा : तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरण्याची ढोबळ वेळ येते. मालवणकडे ती त्याच्या थोडी आधीच येते, पण अंदाजाला पुरे. आता बघा, अष्टमी-नवमीला भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. आणि त्याच दिवशी भरती भरते ती सकाळी सहाच्या आगेमागे. त्या वेळी पाणी थोडा वेळ जवळजवळ उभं राहतं. वेळ लावून चाचणी घ्यायची तर पंधरवड्यातून त्याच सकाळी घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला घड्याळ घरी ठेवा आणि ओढीविरुद्ध नुसती ताकदीची मेहनत करून घ्या. माझ्या केंद्रावरच्या तलावात ही सोय नाही. तिथे होडीला मागून दोरी बांधून, तिला अडथळा करून तेच काम करतात.

वारा तुम्हाला मी काय सांगणार. पहाटेचा मतलई वारा मऊ असतो, जमिनीकडून येतो, पाणी आरशासारखं राहतं. दहा-अकरा वाजले की खारं वारं सुटतं आणि सी-वनमध्ये नवखं पोर तोलसुद्धा सावरू शकत नाही. त्यामुळे जे काय करायचं ते न्याहारीच्या आत. शिवाय हंगामात दहानंतर पर्यटकांच्या बोटी सुरू होतात. माझ्या बापसाचीच एक आहे, त्सुनामी बेटाकडे फेऱ्या मारते, आणि तिच्या लाटेने मी पडलेय. त्याला आजही त्याचं हसू येतं.

दोन गोष्टी जपा. एक, कालवं. खडकावरच्या कालवाच्या धारेने या होड्यांचं पोट ब्लेडने कापल्यासारखं फाटतं. आतलं साहित्य हलकं असतं, बाहेरचा थर कागदासारखा. होडी उतरवायची जागा वाळूची किंवा चिखलाची निवडा. दुसरी, पावसाळा. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते ती उगाच नाही. खाडीलाही तेच लागू करा. त्यात सिंधुदुर्गात लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा धोका. हाताला फोड फुटलेले असतात, गुडघा सोललेला असतो, आणि शेतातलं सगळं पाणी खाडीत. जखम उघडी असेल तर मूल पाण्यात उतरू देऊ नका. नंतर ताप आलाच तर अंगावर काढू नका, सरळ आरोग्य केंद्रात.

होड्या नव्या घेऊ नका. मोठ्या स्पर्धांतल्या बहुतेक चांगल्या होड्या पोर्तुगालच्या नेलो कंपनीच्या. इथे येईपर्यंत काही लाखांना पडतात. केंद्रं, सैन्यदलाचे संघ जुन्या होड्या काढतात. जड, डागडुजी केलेल्या, पण शिकायला त्याच बऱ्या, थोड्या रुंद असल्या तर अजून बऱ्या.

गुहागरला समुद्रावर पर्यटकांसाठी प्लॅस्टिकचे कयाक आहेत. मी सुट्टीत तिथे मदत करतो. त्याच्यावर सराव केला तर चालेल? चिपळूणकडे वाशिष्ठीत करू का?
– इयत्ता नववी

चालेल, पाण्यावर मन रमवायला. वेगाचा फटका त्यात बसत नाही, कारण ती होडी तुझी चूक माफ करते. शर्यतीची होडी उजव्या हाताने जरा घाई केली की लगेच पाण्यात टाकते आणि म्हणून लवकर शिकवते. तरी त्याच्यावर तासभर न थांबता, पाठ ताठ ठेवून, खांद्याऐवजी कंबर फिरवून मारायची सवय लाव. हात दुखले तर चुकतंय, पोटाच्या बाजू दुखल्या तर बरोबर. लाइफ जॅकेट घालूनच, आणि मालकाला सांगूनच.

वाशिष्ठीचं म्हणशील तर चिपळूणकडे मगरी आहेत, बाबू. तू पडणार आहेस, आणि सारखा पडणार आहेस. जागा बदल.

मुलगी बारावीत आहे. खो-खो खेळते, उंच आहे. आता म्हणते कनोइंग करायचं, घर सोडून केंद्रावर जायचं. खर्च किती, नोकरी लागेल का, आणि हे सगळं किती वर्षं चालतं? खरं सांगा.
– एक वडील, रत्नागिरी

काका, खरं सांगते, पण मग माझ्यावर रागावू नका.

आधी बारावी होऊ दे. पाणी कुठे जात नाही. परीक्षा झाल्यावर निवड चाचणीला न्या. तिथे उंची, हातांची पसरण, धावणं, पुल-अप्स, पोहणं बघतात. साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) या खेळाची केंद्रं केरळात अलेप्पीला आणि ओडिशात कटकजवळ जगतपूरला आहेत, भोपाळलाही मोठी व्यवस्था आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झालाय, पण दार बंद नाही. खो-खोच्या मुलींचे पाय आणि कंबर चांगली असते. आमच्याकडे दोघी तिघी आहेत तशा.

निवासी केंद्रात निवड झाली की राहणं, जेवण, होडी, प्रशिक्षक यांचा खर्च तुमच्यावर नसतो. तुमच्यावर येतो तो बाकीचा, आणि तो कुणी आधी सांगत नाही : घरी येण्या-जाण्याची तिकिटं, दुखापत झाली की फिजिओ, आणि स्वतःचं पॅडल. चांगलं कार्बनचं पॅडल तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं, आणि ते आपल्या उंचीचं, आपल्या हाताचं लागतं. दुसऱ्याचं वापरून किती दिवस भागवणार? माझं पहिलं पॅडल आईने सोन्याचे डूल मोडून घेतलं. हे मी अभिमानाने सांगत नाही. राज्याकडे मागितलं असतं तर कधी मिळालं असतं, हा विचार तिने केला आणि सोनाराकडे गेली.

निवासी नसलेल्या जागी, खासगी क्लबात पाठवणार असाल तर हात आवरता ठेवा. पहिलं वर्ष फी भरण्याआधी तिथल्या होड्या मोजा, पाण्यावर उतरणारी मुलं मोजा, आणि मुलींच्या राहण्याची खोली स्वतः बघा. प्रशिक्षक महिला आहे का, रात्री कोण असतं, हे विचारायला लाजू नका. माझ्या आईने विचारलं होतं आणि समोरच्याचं तोंड वाकडं झालं होतं. ती म्हणाली, होऊ दे.

नोकरी. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते कुठल्या पातळीच्या स्पर्धेत कितवा क्रमांक यावर अवलंबून, आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचा कागद पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचा, आमच्या घरी तो तांदळाच्या डब्यात असतो. सैन्यदलं, निमलष्करी दलं यांचे जलक्रीडेचे संघ आहेत, मुलींचेही, आणि तिथे खेळाडू म्हणून भरती होते. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणींचं खरं ध्येय तेच आहे. त्यात काही कमीपणा नाही; वर्दी मिळाली की होडी आणि पगार दोन्ही मिळतात. मला अजून नोकरी नाही. मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते, दुपारी पुस्तक छातीवर ठेवून झोपते.

किती वर्षं, याचं उत्तर लांबलचक आहे. जर्मनीच्या बिर्गिट फिशरने पहिलं ऑलिंपिक सुवर्ण 1980 साली अठराव्या वर्षी घेतलं आणि आठवं 2004 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी. न्यूझीलंडची लिसा कॅरिंग्टन 2012 पासून 2024 पर्यंत जिंकत राहिली. म्हणजे शरीर साथ देतं. आपल्याकडे आधी घर कंटाळतं. तुम्ही मनाशी दोन वर्षं धरा. दोन वर्षांनी तिची वेळ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या मुलींच्या जवळ येत असेल तर थांबवू नका. येत नसेल तर ती स्वतःच तुम्हाला सांगेल, कारण या खेळात घड्याळ सोडून कुणाचंच मत चालत नाही. ना पंचाचं, ना परीक्षकाचं. मला हा खेळ आवडतो तो बराचसा त्यामुळेच.

पूर्णवेळ सराव म्हणजे दिवसभर नक्की काय करतेस? शर्यत तर मिनिटभराचीही नाही!
– देवरुख

पॅरिसमध्ये 2024 साली मुलींची सी-वन दोनशे मीटर कॅनडाच्या केटी व्हिन्सेंटने 44.12 सेकंदांत जिंकली. दुसरी अमेरिकेची नेव्हिन हॅरिसन, 44.13. त्या एका शतांशासाठी दिवसभर करायचं असतं.

उजाडता उजाडता पाण्यावर. सकाळचा सराव लांब आणि संथ, बारा-चौदा किलोमीटर, बोलता येईल इतक्याच दमाने. लोकांना वाटतं आम्ही सतत जीव तोडून मारत असतो. बहुतेक तास असे सावकाश जातात, कारण दम त्यातूनच वाढतो, आणि जोडीची पाचशे मीटरही असते, ती दोन मिनिटांच्या आसपास चालते. मग खाणं, झोप. झोपेलाही कामात धरतात, न झोपल्यास वहीत लिहावं लागतं. दुपारी जिम : पालथं पडून फळीखालून लोखंड वर ओढायचं, पुल-अप्स, पाठीचं आणि पोटाचं. शिवाय उजवी बाजू वेगळी बळकट करायची, नाहीतर डावीकडून मारून मारून माणूस वाकडा होतो. माझा एक खांदा आजही खाली दिसतो, शिंपीण म्हणते ब्लाउज बसत नाही. संध्याकाळी पुन्हा पाण्यावर, या वेळी छोटे आणि जोराचे पल्ले किंवा नुसती सुरुवातीची उडी : थांबलेल्या होडीतून पहिले पाच-सहा फटके.

प्रशिक्षक मोटारबोटीतून व्हिडिओ काढतात आणि रात्री दाखवतात. तीन वर्षं ते मला एकच वाक्य सांगतायत, की पॅडल पाण्यात पूर्ण बुडल्याशिवाय ओढू नकोस. मी तीन वर्षं हो म्हणतेय. सुट्टी रविवारी. त्या दिवशी सगळ्या जणी कपडे धुतात.

मालवणी जेवणावर होतं का गो हे सगळं? की ते पावडरचे डबे लागतात? माझा मुलगा जिमवाल्याने दिलेलं काहीतरी पितो.
– एक आई, कुडाळ

मावशी, घरी असले की सकाळी उकड्या तांदळाची पेज, जेवणात भात, बांगडा नाहीतर तारली, कुळथाची पिठी, वर सोलकढी. यात काहीही कमी नाही, फक्त मी तुमच्या दुप्पट-तिप्पट खाते. केंद्रावर रोटी, अंडी, चिकन, पनीर. मासे नाहीत, त्याचं दुःख वेगळं.

पावडरचं मात्र गंभीर आहे. आमची नाडाकडून, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडून, उत्तेजक चाचणी होते, कधीही, न सांगता. शरीरात बंदी असलेलं काही सापडलं की ते कुणी दिलं, डब्यावर काय लिहिलं होतं, हे विचारून जबाबदारी सुटत नाही; ती खेळाडूचीच. जिमवाल्याच्या डब्यात काय मिसळलंय हे जिमवाल्यालाही माहीत नसतं. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, असंही नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतसुद्धा स्पर्धेच्या काळात चालत नाही असं द्रव्य असतं, म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले की पहिलं वाक्य 'मी खेळाडू आहे' हे असतं. तुमचा मुलगा स्पर्धेत उतरत असेल तर तो डबा आजच फेकून द्या. उतरत नसेल तरी मी फेकला असता.

उन्हाने रंग गेला, हात राठ झाले. चेडवाचं लग्न कसं जमणार, असं तुझ्या आईला कुणी विचारत नाही का?
– नाव नको

विचारतात. आई त्यांना होडी उचलायला बोलावते.

2028 ला लॉस एंजेलिसमध्ये तुला टीव्हीवर बघायचंय. आम्ही सगळे चाकरमानी मिळून मोठा पडदा लावू. जाणार ना?
– डोंबिवली

पडद्याचे पैसे आत्ताच देऊ नका, दादा.

आजपर्यंत भारताची एकही होडी ऑलिंपिकच्या कनोइंगमध्ये उतरलेली नाही. हा खेळ तिथे 1936 पासून आहे. पॅरालिंपिकमध्ये प्राची यादव टोकियोला उतरली, अंतिम फेरीत गेली, आणि हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आणली. आमच्या बाजूला अजून ते झालेलं नाही. मुलींची कनू तर ऑलिंपिकमध्ये आलीच टोकियोपासून, म्हणजे 2021 मध्ये. त्याआधी बायकांना तिथे फक्त कयाक होता, फिशरची ती आठही सुवर्णपदकं कयाकची. म्हणून मी जेव्हा कनू निवडली तेव्हा लोक म्हणाले, याला भविष्य काय. माझा हिशेब वेगळा होता : जो प्रकार सगळ्यांसाठीच नवा, त्यात आपण सगळ्यात कमी मागे असतो.

किती मागे, तेही सांगते. दोनशे मीटर पंचेचाळीस सेकंदांत म्हणजे सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास. एक सेकंद म्हणजे जवळजवळ एक होडी. मी पहिल्या फळीतल्या मुलींच्या काही होड्या मागे आहे. गेल्या हंगामात त्यातली एक होडी भरून काढली. पुढची भरून काढणं जास्त कठीण असतं. आणि आशियातच चीन आहे. शू शिशियाओ आणि सुन मेंगया या जोडीने सी-टू पाचशे टोकियोलाही जिंकली, पॅरिसलाही.

प्रवेशाची रीत अशी : आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे 2027 मध्ये, बहुतेक जागा भरतात, उरलेल्यांसाठी खंडांच्या पात्रता स्पर्धा. आणि जागा मिळते ती देशाला, माणसाला नाही. मी जागा मिळवून दिली आणि चाचणीत दुसरी जिंकली तर होडीत ती. उलटंही होऊ शकतं. हे कळल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती, आता सवय झाली. आणखी एक पेच बघा : ज्या 1000 मीटरच्या सी-टूत आपल्या मुलांनी हांगझोऊला ब्राँझ आणलं, तो प्रकार पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नव्हताच, तिथे पुरुषांची सी-टू 500 मीटर झाली. मेहनत करत असताना अंतरच बदलतं.

मग मी 2028 चं नाव का घेते? कारण तारीख नसली की केंद्रावर सकाळी उठवत नाही. आणि खरं सांगू, त्या शर्यती लाँग बीचच्या मरीन स्टेडियममध्ये आहेत. 1932 च्या ऑलिंपिकच्या रोइंगसाठी केलेली जागा, समुद्राला जोडलेली. पाणी खारं, भरती-ओहोटीचं. तलावातल्या मुलींना ते वेगळं वाटेल. मला नाही वाटणार. हा फायदा किती शतांशांचा ते मला माहीत नाही, पण मी तो सोडणार नाही.

ताई, मी तारकर्लीची, सहावीत आहे. मला तुझ्यासारखं व्हायचंय. आमची होडी आहे पण मला पोहता येत नाही. चालेल का?

नाही, बाय. अजिबात चालणार नाही.

तुझ्याएवढी असताना मलाही येत नव्हतं. आपल्याकडे मुलगे पाण्यात ढकलून शिकतात आणि मुलींना काठावर मासळी निवडायला बसवतात. तुझ्या आवशीला सांग की ताईने लिहिलंय : दिवाळीनंतर पाऊस पूर्ण गेला, पाणी निवळलं की शिकायला सुरू कर. समुद्रात नको, खाडीच्या तोंडाशी तर मुळीच नको, तिथे ओढ असते. ज्याला पोहायला शिकवता येतं असं मोठं माणूस बरोबर हवं, आणि कंबरभर पाणी. आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिक, मग पाठीवर तरंगायला. न थांबता दोनशे मीटर जमलं की मग अंगात कपडे असताना पन्नास मीटर, कारण होडीतून पडतेस तेव्हा कुणी पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. एवढं झालं की मला याच पत्त्यावर लिही. मी मे महिन्यात चार दिवस घरी असते, सकाळी सहाला खाडीवर ये, न्याहारी करून येऊ नकोस.